झेंड्यांची मालकीण

२ नोव्हेंबर

दुपारी मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागला. स्वप्नात माझ्या माहेरच्या, राणीसावरगावच्या शिवारात ज्वारीऐवजी लाल कापड उगवलं होतं. वारा सुटला की सगळं रान एका अंगावर झुकायचं, पुन्हा उभं राहायचं. मी बांधावर कात्री घेऊन उभी आणि कापायला जीवच होईना. जाग आली तेव्हा पाय पायडलवर तसाच होता आणि सुई कापडात रुतून बसली होती.

लाल कापड म्हणजे यांची झेंडी. हे म्हणजे परमेश्वर, माझे मालक. तोंडानं नाव घेत नाही, इथे लिहायला कोण अडवतंय? पूर्णेच्या बाहेर रेल्वेच्या फाटकावर ते गेटमन आहेत. गाडी येताना हिरवी झेंडी धरायची, धोका असला तर लाल. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या झेंडीची कड उसवली होती. मी दुहेरी टीप मारली, काठीचा नेफाही नवा करून दिला. ते बघून दुसऱ्या फाटकांवरचे लोक आपापल्या झेंड्या घेऊन यायला लागले, मग लाइनवरचे. आता दाराशी सारखी कुणाची तरी पिशवी असते.

आज रेल्वेच्या भांडारातले किशनराव आले होते. म्हणाले, "ताई, फाटक्या झेंड्या कुठवर शिवायलात? नव्याच शिवून द्या की रेल्वेला."

मी म्हटलं, "आमच्याकडून कोण घेतंय?"

तर त्यांनी नीट समजावून सांगितलं. सरकार जी खरेदी करतं त्यात लहान उद्योगांचा वेगळा वाटा असतो, त्यातून बाईचा उद्योग असला तर आणखी. अनामत भरावी लागत नाही, आधीच्या अनुभवाची अट नाही. फक्त तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं पाहिजे, की उद्योग लहान आहे आणि मालक बाई आहे. "पण खरीखुरी मालक," किशनराव म्हणाले.

मला हसूच आलं. मालक!

जेवताना परमेश्वरना सांगितलं. घास गिळून म्हणाले, "कर की." मग हात धुऊन बाहेर गेले. यांच्याकडून यापेक्षा जास्त निघत नाही.

५ नोव्हेंबर

पहाटे ऊसतोडीचा ट्रक गेला. बायनाबाई गेली नाही.

बायनाबाई आमच्या मागच्या वस्तीत राहते. माझ्याकडे येऊन काजं-बटनं, टीपा असं काही करते. दरवर्षी नवरा-बायको मिळून तोडीला जातात. काल सहज म्हणाली, "झेंड्यांचं काम खरंच निघणार असंल तर म्या थांबते. ह्यावर्षी पाठ उचलत न्हाई." मी विचार न करता म्हटलं, "थांब." तिचा नवरा पुतण्याला जोडीला घेऊन गेला.

आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. धुकं होतं. ट्रकमधली बायामाणसं भांड्याकुंड्यांवर झोपेतच डुलत होती, जणू सगळी एकच स्वप्न बघत चालली आहेत. ट्रक दिसेनासा झाल्यावर बायनाबाईनं माझ्याकडे बघितलं. तेव्हा कळलं, आपण केवढा मोठा शब्द देऊन बसलो.

९ नोव्हेंबर

देवासारखे दाजी आले.

दाजी म्हणजे गोपीचंद, आमच्या राजेश्री आक्काचे मालक. परमेश्वरची थोरली बहीण ती. परभणीला असतात. सरकारी पुरवठ्याच्या कामात दाजींची हयात गेली. सासूबाईंनी फोनवर झेंड्यांचं सांगितलं आणि सकाळच्या गाडीनं ते हजर.

"कोकिळाबाई, तुमी काय बी करायचं न्हाई," ते म्हणाले. "सगळं माझ्याकडं. माझी फर्म सध्या जरा थांबलेली हाय, मला बी येळ हाय."

यंत्रावर माझा अंगठा घेतला, फोटो काढला. माझ्या नावानं नवं सिमकार्ड घेतलं आणि आधारला तोच नंबर लावला. सिमकार्ड स्वतःपाशीच ठेवलं. सरकारचे मेसेज सारखे येत राहतात, तुम्हाला कशाला तरास, म्हणाले. किती विचार करतात माणसाचा! सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, त्यांना तर जावयाला कुठे ठेवू नि कुठे नको झालं. फर्मला नाव दिलंय 'कोकिळा इंडस्ट्रीज'. दिवसभर मी ते मनात म्हणून बघत होते. भाकरी थापताना, पाणी भरताना. जसं दुसऱ्याच कुणा बाईचं नाव आहे, आणि तिला मी ओळखत नाही, पण ती मला लांबून हात करतेय.

१६ नोव्हेंबर

आज दाजींबरोबर आक्काही आली होती. दाजी आत कागद लावत होते तेव्हा ती माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. चाकावर हात ठेवला.

"नाव कुणाचं टाकलंय?"

"माझं."

"पुरं?"

"हो."

बराच वेळ ती चाक थोडं पुढं, थोडं मागं करत राहिली. मग म्हणाली, "कोकिळा, सही करताना वाचीत जा गं."

"दाजी हायत की आक्का."

 तिनं चहासुद्धा अर्धा ठेवला. तिला वाईट वाटलं असणार. तिच्या नवऱ्यानं सगळं माझ्या नावानं उभं करावं, आणि तिनं नुसतं बघावं. माझ्याही मनात आलं असतं. ऑर्डर आली की आक्काला एक चांगलं लुगडं घ्यायचं.

२७ नोव्हेंबर

दाजींनी सांगितलं, नुसत्या झेंड्यांवर थांबायचं नाही. रेनकोट, दप्तरं, गणवेश, पडदे, सगळं अर्जात टाकलंय. मी म्हटलं, रेनकोट मला येत नाही. ते हसले, "तुमाला कोण शिवायला सांगायलंय?"

दुपारी मी उन्हात वाकळ टाकून पडले होते. डोळे मिटले तर रेनकोटांची रांग दिसली, आत माणसं नसलेली, नुसतेच रेनकोट, रुळांच्या कडेकडेनं चाललेले. भीती नाही वाटली. छान वाटलं. किती लांब जायला लागलं माझं नाव.

८ डिसेंबर

टेम्पो भरून मशिनी आल्या! विजेवरच्या, पांढऱ्याशुभ्र. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन्हीकडून रांगेनं लावल्या. माझी काळी पायमशीन दाजींनी कोपऱ्यात सरकवून तिच्यावर चादर टाकली. दारावर पाटीही लागली.

"ह्या आपल्याच का?" मी विचारलं.

"तपासणी होईस्तोवर आपल्याच," दाजी म्हणाले. मग त्या दुरुस्तीसाठी परभणीला जातील म्हणे. नव्या मशिनींना कसली दुरुस्ती, हे विचारायचं राहून गेलं.

पेडगावहून बाया पण येणार आहेत बसायला. दाजींनी मला उत्तरं पाठ करायला दिलीत. महिन्याला किती माल निघतो, कच्चा माल कुठून येतो. मी पाठ करायला बसते आणि मन खिडकीतून जातं. शेडमागच्या रानात करडई हात हात वाढलीय, वारं आलं की तिचे काटे एकमेकांना लागून कुजबुजल्यासारखा आवाज येतो.

११ डिसेंबर

तपासणी झाली. फार छान झाली!

तपासणी करणाऱ्या अधिकारी नीलम मॅडम आल्या होत्या. तरुण आहेत. उन्हानं चेहरा रापलेला, खांद्याला पिशवी. दाराशी चपला काढून आत आल्या, ते मला फार आवडलं. पेडगावच्या बाया मशिनींवर बसल्या होत्या. एकीनं बायनाबाईला हळूच विचारलं, "हिचं बटण कुठंय गं?" मला हसू आवरेना.

मॅडमनी मला खुर्ची दिली. माझ्याच शेडमध्ये मला!

"रेनकोट कुठल्या मशीनवर शिवता?"

पाठ केलेलं आठवेना. "इथं न्हाई शिवत," मी खरं तेच सांगितलं. "ते दाजींच्या ओळखीतनं तयार येणार हायत." दाजींना खोकला आला. मी त्यांना पाणी दिलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कोकिळाताई, उद्या एखादी ऑर्डर आली, तर घ्यायची की नाही हे कोण ठरवणार?"

"दाजी," मी म्हटलं. "जावई हायत आमचे. लय अनुभवी माणूस."

"आणि तुम्ही?"

"मी शिवणार."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. कौतुकानंच असेल. मग म्हणाल्या, तुम्ही शिवलेलं काहीतरी दाखवा. मी चादर काढून माझ्या मशीनमधली लाल झेंडी दिली. त्यांनी ती खिडकीपाशी धरली तर त्यांचं तोंड, हात, समोरची भिंत, सगळं लालेलाल. "हे मात्र तुमचं आहे," त्या म्हणाल्या.

दाजी न जेवता गेले. पुरणपोळ्या केल्या होत्या. कामाची घाई असेल.

२९ डिसेंबर

नाकारलं.

दाजींच्या फोनवर आलं. ते घरी आले आणि दारातूनच ओरडायला लागले. त्यांनी मेसेज वाचून दाखवला. 'उद्योगावर अर्जदार महिलेचे नियंत्रण असल्याचे दिसून आले नाही.' दोनदा वाचून दाखवला.

"येवढी उत्तरं लिहून दिली, एक पाठ व्हईना तुमाला? 'मी ठरवणार' येवढं म्हणायला काय जात होतं?"

"पण तुमीच ठरवता ना दाजी," मी म्हटलं. खरंच मला कळत नव्हतं. 

टेम्पो आला, मशिनी गेल्या. पाटीही काढून नेली, तिचा पत्रा त्यांचा होता म्हणे. आत्याबाई मागून रडत होत्या, "जावयाला नाराज केलंस, आता माझ्या लेकीचं कसं?" परमेश्वर ड्यूटीवरून आले ते या सगळ्यात. दाराशी थांबून म्हणाले, "दाजी, चहा घेऊन जावा." बस्स. दाजी तसेच गेले.

मला यांचा इतका राग आला. बायको अशी उभी, आणि चहा! यांनी मला एक शब्द विचारला नाही. हे शेडमध्ये गेले, झाडून काढलं, आणि माझी मशीन कोपऱ्यातून ओढून मधोमध खिडकीसमोर आणून ठेवली. तिला तेल दिलं. मग झोपले.

३ जानेवारी

धुकं. सकाळपासून गाड्या नुसत्या ऐकू येतात, दिसत नाहीत. बायनाबाई कापूस वेचायला जाते आता, मिळेल तिथं. मी तिला कसं तोंड दाखवू? तीच म्हणाली, "ट्रक तर गेला, आता काय त्याचं." रागावली असती तर बरं झालं असतं.

मशीनवर बसते पण काही शिवत नाही. खिडकीतून पांढरं आत येतं. वाटतं आपणच विरघळत चाललोय, आधी पाय, मग हात. 'नियंत्रण दिसून आले नाही.' मॅडमनी मला बघितलं आणि त्यांना मी दिसले नाही, असं काहीतरी.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. आज आक्का तीळगूळ घेऊन एकटीच आली. दाजी परगावी गेलेत, त्यांना माहीत नाही. आत्याबाई देवळात होत्या. आक्का शेडमध्ये आली, रिकामी शेड बघितली आणि खाली पोत्यावर बसली.

"लय बोलले का तुला?"

मी मान हलवली.

ती म्हणाली, "शाळेच्या दप्तरांची ऑर्डर होती. चार वर्सं झाली. फर्म माझ्या नावानं. म्या एक दप्तर डोळ्यानं बघितलं न्हाई. कुठून आणली, कशी आणली, त्यांनाच ठाऊक. पहिल्याच पावसात पट्टे तुटले. चौकशी लागली तवा सायबांसमोर उभी कोण राहिली? म्या. ते विचारायलेत, मालक तुमीच ना? अन् मला त्यातलं कापड कसलं व्हतं ते सांगता येईना. समदे बघायलेत. आता माझं नाव बंद हाय कोकिळा. सरकारच्या कुठल्याच कामाला चालत न्हाई."

"अन् दाजींचं?"

"त्यांचं नाव व्हतंच कुठं?"

 बाहेरून मालगाडी जात होती, ती संपतच नव्हती.

"आक्का, मला वाटलं तुमाला माझा हेवा वाटायलाय."

ती हसली. आक्काला हसताना मी कधी बघितलं होतं, आठवत नाही. "हेवा? म्या रोज भीत व्हते गं तुझ्यासाठी."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"काय सांगू? माझ्या नवऱ्यापासून सावध ऱ्हा म्हणून? आईला कळलं असतं तर तिनं जेवणच सोडलं असतं." ती उठली. जाताना माझ्या हातात तीळगूळ ठेवून मूठ दाबून धरली. "तुझं नाव अजून चालतंय. त्या मॅडमनं तुला वाचवलं."

 आक्का गेली तरी तिचा आवाज शेडमध्ये फिरतोय.

२० जानेवारी

आज मी परभणीला गेले. परमेश्वर म्हणाले होते, "मी येऊ?" मी नको म्हटलं. त्यांनी स्टेशनवर सोडलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे राहिले.

करडई फुलायला लागलीय. गाडीतून दोन्ही बाजूंना पिवळं. काय बोलायचं ते ठरवत होते, पण ठरवलेलं सगळं त्या पिवळ्यात सांडून जात होतं.

दाजी ओसरीवर पेपर वाचत होते. आक्कानं पाणी दिलं, माझ्याकडे बघितलं नाही.

"दाजी, ते सिमकार्ड द्या. मी पुन्हा अर्ज करणार हाय."

"कोण? तुमी?" ते हसले, वाईट हसू नाही, लहान पोराला हसावं तसं. "परमेश्वरला पाठवा. म्या त्याच्याशी बोलतो."

"अर्ज त्यांचा न्हाई, माझा हाय."

"कोकिळाबाई, तुमाला त्यातलं काय कळतंय? साइट तरी उघडता येते का? म्या हाय म्हणून तुमचं नाव दारावर लागलं व्हतं."

मी खाली बघत होते. फरशीवर उन्हाचा चौकोन पडला होता, त्यात माझे पाय. आणि एकाएकी वाटलं, मी इथं मागायला कशाला आलेय? अंगठा माझा, नाव माझं. नंबर तर आधार केंद्रात जाऊन बदलता येतो, किशनरावांनी सांगितलंय. मी सवयीनं विचारायला आले होते.

"ऱ्हाऊ द्या दाजी," मी म्हटलं. "नंबर मी बदलून घेईन. नवा अर्ज बी मीच भरते. ह्या नावावर आता तुमी काही टाकू नका. दुसऱ्याकडून कळण्यापरीस माझ्या तोंडून ऐकलेलं बरं, म्हणून आले."

दाजींचा चेहरा पडला. मग कठीण झाला. "मंजे आमच्या घराशी संबंध नको, असं ठरवूनच आलात."

आक्काच्या हातातल्या तांब्यातलं पाणी खाली सांडलं. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण पाय दाराकडे निघाले होते.

स्टेशनवर बाकावर बसले. एका म्हातारीनं न विचारता माझ्या ओंजळीत बोरं टाकली. पूर्णा येईपर्यंत ती एक एक करून खात आले.

८ फेब्रुवारी

दाजींनी आक्काला माहेरी यायची बंदी केलीय. फोनसुद्धा नाही. आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं तर जेवतात, पण माझ्याकडे न बघता. मी त्यांना काय सांगू? आक्काची गोष्ट आक्कानंच सांगायची.

काल परमेश्वरनी आईला सांगितलं, "आई, कोकिळानं बरोबर केलं." आत्याबाईंनी कान झाकून घेतले. मी स्वयंपाकघरात होते. पिठात हात तसेच राहिले. बारा महिन्यांत मिळून हे जेवढं बोलतात, त्यापेक्षा ते मोठं होतं.

१४ फेब्रुवारी

अर्ज केला. सेवा केंद्रातल्या पोराला म्हटलं, तू टाइप कर पण प्रत्येक ओळ मला वाचून दाखव. वैतागला बिचारा. मागे रांग होती. उद्योग काय? झेंड्या. आणखी? आणखी काही नाही.

२६ फेब्रुवारी

नीलम मॅडम पुन्हा आल्या, न कळवता. वीज गेली होती. मी आणि बायनाबाई मशिनी बाहेर लिंबाखाली काढून शिवत होतो. बायनाबाईनं भावजयीची मशीन मागून आणलीय. मॅडम आल्या त्या सरळ खाटेवर बसल्या आणि काही न विचारता बघत राहिल्या. लिंबाची पिवळी पानं आमच्या कापडावर पडत होती, आम्ही झटकत होतो, पुन्हा पडत होती. मला वाटलं असंच संध्याकाळपर्यंत चालेल, कुणीच बोलणार नाही, आणि तरी सगळं नीट होईल.

मग त्यांनी विचारलं महिन्याला किती होतात. मी खरं तेवढं सांगितलं.

"एवढ्यावर मोठी ऑर्डर मिळणार नाही, ताई."

"मोठी घेतली तर लाल कापड हाताला लागंल ते घ्यावं लागंल, मॅडम. त्याचा रंग उतरला तर? गाडी थांबवायची असती त्याच्यावर. एकदा घोटाळा झाला तर माणसं मरतील."

"मग तुमचं काय म्हणणं?"

"लहानच द्या. वाढवायची का ते मी पुढं बघीन."

त्यांनी लिहून घेतलं. चहा घेतला. जाताना आत्याबाईंच्या पाया पडल्या, तर आत्याबाई इतक्या गोंधळल्या की त्यांनी मॅडमना शंभर वर्षांचं आयुष्य दिलं आणि मलाही.

१८ मार्च

प्रमाणपत्र आलं. माझ्याच फोनवर. मी फाटकावर गेले दाखवायला. गाडीची वेळ होती, परमेश्वर झेंडी घेऊन उभे होते, म्हणून मी थांबले. गाडी गेली, मग त्यांनी हात पुसून फोन घेतला. माझं पूर्ण नाव बोट फिरवून वाचलं. लाजल्यासारखे झाले. मीही.

६ एप्रिल

पहिली निविदा गेली, दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. दोन दिवस जेवण गेलं नाही. दुसरी आज मिळाली! आसपासच्या फाटकांच्या झेंड्या. लहानशीच आहे. बायनाबाईला सांगायला पळत गेले तर ती पाणी भरत होती. हंडा खाली ठेवून तिनं माझ्या दोन्ही गालांवर ओले हात ठेवले. म्हणाली, "औंदा बी ट्रक गेला तर जाऊ दे."

१९ एप्रिल, अक्षय तृतीया

परमेश्वर दाजींशी काय बोलले, मला पत्ताच नाही. पण गेल्या रविवारी ते परभणीला जाऊन दाजींना सणाचं आवतण देऊन आले होते. सकाळी दारात दाजी आणि आक्का. आत्याबाईंनी लेकीला जे धरलं ते सोडेनात.

आमरस, पोळ्या, कुरडया. दाजी मुकाट्यानं जेवले. खूप उतरलेत ते. पंगत उठल्यावर मला ओसरीवर बोलावलं, आवाज अगदी खाली.

"कोकिळाबाई, एक रेनकोटची निविदा हाय. माल माझा, धावपळ माझी. तुमचं फक्त नाव. एवढं एकदाच." बोलताना जमिनीकडे बघत होते. "माझ्याकडं दुसरं काही उरलं न्हाई."

ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मला त्यांची फार दया आली. करडईची रानं कापून मोकळी झालीत, तिकडून गरम वारा येत होता. मी त्या वाऱ्याकडे बघत उभी राहिले.

"न्हाई जमणार, दाजी."

"का?"

"रेनकोट मला येत न्हाई."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मी म्हटलं, "कापड आणायला माणूस पायजे मला. तुमची व्यापाऱ्यांशी ओळख हाय. येणार असाल तर या." त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

आक्का तोवर शेडमध्ये जाऊन बसली होती, माझ्या मशीनवर. बायनाबाई तिला नेफा कसा दुमडायचा ते दाखवत होती.

"राजेश्री," दाजी दारात येऊन म्हणाले, "चल. गाडीची येळ झाली."

आक्कानं मान वर केली नाही. पाय पायडलवर चालूच होता. "तुमी व्हा पुढं. ह्या झेंड्यांचा गठ्ठा उद्या जायचाय."

 आत्याबाई पदर तोंडावर धरून उंबऱ्यात उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या म्हणतील, जा गं बाई. त्या म्हणाल्या नाहीत. दाजी चपला घालून दारात उभे राहिले, काहीतरी ऐकू येईल म्हणून थांबल्यासारखे. मग परमेश्वरनी त्यांची पिशवी उचलली आणि दोघं स्टेशनच्या वाटेला लागले. उन्हात त्यांच्या सावल्या पायाखालीच होत्या.

आक्काची टीप वाकडी जात होती.  लांबून गाडी सुटल्याचा आवाज आला, पुलावर गेल्याचा आला, मग थांबला.

"दोरा संपला गं," आक्का म्हणाली.

मी उठून नवं रीळ आणून दिलं.